काठी लागेल तिथे पाय

जरा मान वर करा. घराच्या छताकडे नको, तिथे काही नाही. डोळे मिटा हवं तर, आणि असं समजा की तुम्ही एका फार मोठ्या, फार जुन्या शहरातल्या बाजारात उभे आहात. हा उघड्या रस्त्यावरचा बाजार नाही, छपराखालचा आहे. चारी बाजूंना जाड लोखंडी खांब, आणि खूप उंचावर छप्पर, तेही काचेचं. त्या काचांवर धूर, धूळ आणि कबुतरांची घाण साठलेली, त्यामुळे खाली उतरणारा उजेड तांदळाच्या धुवणासारखा पांढुरका.

आता काचांकडे नीट बघा. दोन काळे डाग हलताहेत ना? ते डाग नाहीत, माणसाचे तळवे आहेत. वर एक माणूस अनवाणी चालतो आहे आणि आपण त्याला खालून बघतो आहोत.

तिथे उभं राहून हे बघणाऱ्या मुलीला घरी ठकू म्हणत. तळवे तिच्या आजोबांचे होते. आणि बाजारात त्या वेळी जेवढी माणसं होती, त्यांतल्या एकट्या ठकूला माहीत होतं की आजोबांना दिसत नाही.

हे तिला कळलं त्याच सकाळी.

शाळेची पाण्याची टाकी फुटली म्हणून मुलांना सुट्टी दिली होती. ठकूची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. तिला काही सुट्टी नव्हती. ती दारात चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, हिला आज तुमच्याबरोबर न्या. पण नजरेखाली ठेवा हं."

"माझ्या नजरेतून काय सुटतं ग?" आजोबा म्हणाले, आणि भिंतीला हात लावून लावून जिना उतरले.

ठकू किती दिवसांपासून बाजार बघायचा म्हणून मागे लागली होती. आजोबा छप्पर धुतात एवढंच तिला माहीत होतं. बाजारात त्यांना सगळे 'वरचे बाबा' म्हणतात, हे मोठ्या दरवाजातून आत शिरताना तिला पहिल्यांदा कळलं.

"आले बघा वरचे!" कुणीतरी ओरडलं. "बाबा, आज बरोबर कोण? नवा मदतनीस?"

"मदतनीस कसली, मालकीण आहे माझी," आजोबा म्हणाले.

आत गल्ल्याच गल्ल्या होत्या. एका गल्लीला चामड्याचा वास, पुढचीला साबणाचा, त्यापुढे ओल्या भाजीचा. आजोबा तिचा हात धरून तरातरा चालत होते आणि समोरचा माणूस तोंड उघडायच्या आत त्याला ओळखत होते. "काय घड्याळवाले, गुडघा काय म्हणतो?" "टोपीवाले, खोकला गेला नाही ना अजून? सांगितलं होतं, विडी सोडा." ठकूची छाती अभिमानाने फुगली. आपल्या आजोबांना अख्खा बाजार पाठ आहे असं तिला वाटलं. ते खरंच होतं. पाठच होता.

शिंप्यांच्या गल्लीत वाटेच्या मधोमध एक उंच माणूस लांब कोट घालून पाठमोरा उभा होता.

"जरा सरका की शेठ," आजोबा म्हणाले. "रस्ता काय आंदण घेतलात?"

तो सरकला नाही.

"अहो, तुम्हालाच म्हणतोय."

ठकूने वर बघितलं. त्या माणसाला डोकंच नव्हतं. कोटाच्या कॉलरमधून लाकडाचा एक गोल खुंट वर आला होता. शिंप्याने नवा कोट पुतळ्यावर चढवून दुकानाबाहेर ठेवला होता.

शिंपी आतून खो खो हसला. "आता पुतळ्यालाही सोडत नाही हा म्हातारा!" समोरचा हसला, शेजारचा हसला, हसू गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. सगळ्यांचं हसून होत आलं तेव्हा आजोबाही हसले. पण ठकूचा हात त्यांच्या हातात होता, आणि त्यांच्या तळहाताला एकदम घाम फुटलेला तिला कळला.

मग तिला एकेक आठवायला लागलं. आजोबा हल्ली चहा ओतताना कपात बोट धरतात. औषधाच्या बाटलीवरचं तिच्याकडून वाचून घेतात आणि चष्मा सापडत नाही म्हणतात, चष्मा तर खिशातच असतो. परवा त्यांनी आईचा स्वेटर घातला होता आणि आई हसून हसून दमली होती.

मुलं अशा वेळी काय करतात? पटकन विचारून टाकतात. ठकूही विचारणार होती, पण भीती वाटली. प्रश्न विचारला नाही तर उत्तरही येणार नाही, असं तिला वाटलं असावं. मोठ्यांनाही तसंच वाटतं कधी कधी.

बाजाराच्या आत, भिंतीला लागून, उंचावर एक लोखंडी सज्जा होता. सज्ज्यावर थोडी लहान दुकानं होती आणि टोकाला एक शिडी, सरळ छपरातल्या झडपेपर्यंत जाणारी. शिडीपाशी आल्यावर आजोबांनी चपला काढल्या, बादलीत फडकी टाकली, ब्रश कमरेला खोचला. आसपास कुणी नव्हतं.

"आजोबा," ठकू म्हणाली, "तो पुतळा तुम्हाला दिसला नव्हता."

"गंमत केली ग."

"नाही केलीत."

आजोबा शिडीच्या पहिल्या पायरीवर बसले. बादलीची कडी एकदा इकडे, एकदा तिकडे पाडली.

"धुकं आहे थोडं," ते म्हणाले. "सकाळी नदीवर असतं तसं. आधी कडेकडेला होतं, आता मध्ये आलंय."

"मग वर कशाला जाता?"

"वर डोळ्यांचं काय काम? ऐक. वर सगळंच मळलेलं. लोखंडी पट्टी कुठली आणि काच कुठली, चांगल्या डोळ्यांनाही कळत नाही. पट्टी वरून धडधाकट दिसते आणि खालून गंजलेली असते. म्हणून खालून बघणारा माणूस लागतो. तो या सज्ज्यावरून लांब काठी घेऊन चालतो आणि चांगल्या पट्टीला खालून टोचतो. ती थरथर कुठून आली ते तळव्याला बरोबर कळतं. काठी लागेल तिथे पाय. बास. वरच्याने डोकं चालवायचं नाही. आमचा छत्रीवाला होता ना, जन्मभर त्याने काठी धरली. माझा पाय एकदाही चुकला नाही."

"त्यांना माहीत होतं? तुमच्या डोळ्यांचं?"

"त्याला माझं काय माहीत नव्हतं?" आजोबा हसले. "पण तो आता लेकीकडे राहायला गेला, दुसऱ्या गावी. जाताना रडला लेकाचा. मला म्हणाला, तूही उतर आता खाली."

"मग उतरा ना."

"उतरून काय करू? तुझ्या आईच्या खिडकीत कुंडीसारखा बसू?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हे कुणाला सांगायचं नाही, ठकू. आईला नाही, इथे कुणाला नाही. एकदा कळलं की मला शिडीला हातसुद्धा लावू देणार नाहीत. सांगणार नाहीस ना?"

ठकूने मान हलवली. मग आजोबांना मान दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाली, "नाही सांगणार."

तेवढ्यात नवा काठीवाला आला. हा बाजाराचा वॉचमन, तरुण, हसतमुख. छत्रीवाले गेल्यापासून हे काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. बांबूची लांबलचक काठी त्याने खांद्यावर घेतली होती. काच तडकू नये म्हणून काठीच्या टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेला होता.

"काय बाबा, करायची सुरुवात?"

"लक्षात आहे ना?"

"काठी लागेल तिथे पाय. झोपेतसुद्धा म्हणतो मी आता."

आजोबा शिडी चढले. कमरेला दोर नव्हता. पूर्वी बांधत असत, पण तो पायात येतो म्हणून त्यांनी कधीच सोडून दिला होता. झडप उघडली, उजेडाचा एक तुकडा सज्ज्यावर पडला, मग त्या उजेडात त्यांचे पाय वर ओढले गेले आणि झडपेत नुसतं आकाश उरलं.

आता तुम्ही तिथे परत या, जिथे आपण सुरुवात केली. ठकूची मान वर. काचेत दोन तळवे; पट्टी अरुंद, म्हणून त्यांच्या कडा दोन्ही बाजूंच्या काचेतून दिसतात. वॉचमन काठी वर करतो, पट्टीला टोचतो. एक तळवा उचलला जातो, हवेत थोडा घुटमळतो, जिथे काठी थरथरली तिथे टेकतो. मग दुसरा. मग आजोबा उकिडवे बसतात, ब्रशचा खरखर आवाज येतो, पाणी पसरतं, आणि मळक्या काचेत एक स्वच्छ चौकोन उघडतो. त्यातून ऊन खाली उतरतं, थेट तळमजल्याच्या फरशीपर्यंत. ऊन ज्या दुकानावर पडेल तो दुकानदार वर बघून हात करतो. आजोबाही वरून हात करतात, पण थोडा भलतीकडे.

ठकू वॉचमनच्या मागे मागे, त्याच्या पावलावर पाऊल टाकत सरकत होती.

"काका, काठी लागेल तिथेच ते पाय ठेवतात."

"अग हो, सांगितलंय मला."

"तिथेच ठेवतात. दुसरीकडे बघत नाहीत."

"किती घाबरतेस? तुझे आजोबा माझ्या जन्माच्या आधीपासून वर फिरताहेत. त्यांना छप्पर म्हणजे घरची ओसरी."

सांगायचं ते ठकूच्या ओठांपर्यंत आलं होतं, पण शब्द तिने आधीच आजोबांना देऊन टाकला होता.

वॉचमन काम मन लावून करत होता, हे सांगायलाच हवं. प्रत्येक पट्टी निरखून बघायचा, गंज दिसला तर पुढची निवडायचा. हळूहळू ठकू त्याच्यापासून एखादं पाऊल मागे राहून चालायला लागली. अर्धी ओळ धुऊन झाली. तळमजल्यावर उन्हाचे चौकोन एकापुढे एक मांडल्यासारखे पडले होते आणि भाजीवाल्या टोपल्या उचलून सावलीत नेत कुरकुरत होत्या.

मग ते बटणवाल्या मावशींच्या दुकानासमोर आले. मावशी सज्ज्यावरच्या सगळ्यात जुन्या दुकानदार. काउंटरवर बटणांच्या बरण्या मांडून त्या स्टुलावर बसल्या होत्या.

"काय रे," त्या वॉचमनला म्हणाल्या, "ती मागची काच तशीच सोडली की बाबांनी. ती बघ, कबुतरांनी अगदी रांगोळी घातलीय. माझ्या दुकानावरचीच बरी राहते नेमकी. सांग ना त्यांना."

"सांगतो मावशी," वॉचमन म्हणाला. त्याने काठी वर केली आणि त्या घाणेरड्या काचेच्या मधोमध दोनदा टोचलं. ही, ही काच राहिलीय.

यात त्याचं काय चुकलं? काहीच नाही. पाय ठेवायला टोचणं वेगळं आणि घाण दाखवायला टोचणं वेगळं, हे वर उभ्या असलेल्या माणसाला दिसणारच, असं कुणीही धरून चाललं असतं. पण वरच्या माणसाला फक्त काठी लागली होती.

उजवा तळवा उचलला गेला. पट्टीवरून सुटला. हवेत घुटमळला.

"आजोबा!" ठकू ओरडली. खाली लोहारगल्लीत ठोकाठोक चालली होती. तिचा आवाज कठड्यापलीकडेसुद्धा गेला नाही.

तळवा काचेवर टेकला. अजून भार आला नव्हता, पण खालून बोटं पसरलेली दिसत होती.

मावशींच्या शटरला अडकवायची लोखंडी सळई भिंतीला टेकून ठेवली होती. ठकूने ती दोन्ही हातांनी उचलली आणि शेजारच्या खांबावर मारली. मारली, परत मारली, मारतच राहिली. तोच खांब वर जाऊन छपराच्या पट्ट्यांना मिळाला होता. लोखंडाची थरथर आजोबांच्या डाव्या पायात पोचली असणार, कारण उजवा तळवा थांबला. काचेत केसासारखी एक रेघ धावत गेली. मग तळवा उचलला, मागे गेला, पट्टीवर टेकला. आजोबा खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पट्टी धरली.

काचेचा एक तुकडा सुटला. सज्ज्यावरून खाली गेला आणि रिकाम्या टोपल्यांच्या ढिगात फुटला. कुणाला लागलं नाही. लोहारांनी हातोडे थांबवले.

"काय झालं? मी तर नुसती काच दाखवली," वॉचमन म्हणाला.

"लोखंडावर, काका," ठकू म्हणाली. "फक्त लोखंडावर टोचा. त्यांना परत आणायचंय."

पट्टी पट्टी करत त्यांनी आजोबांना मागे आणलं. ठकू बोट दाखवायची, वॉचमन टोचायचा, आजोबा बसल्या बसल्या सरकायचे. झडपेतून पाय दिसले, मग गुडघे, मग अख्खे आजोबा सज्ज्यावर उतरले. त्यांच्या पायजम्याचे गुडघे काळे झाले होते. ते हसत होते, पण हसू जरा तिरकं बसलं होतं.

तोपर्यंत बाजाराचे मुकादम धापा टाकत जिना चढून आले. त्यांच्या मागे घड्याळवाले आणि शिंपी.

"बाबा, काय हे?"

"काही नाही. पाणी सांडलं होतं, पाय सरकला."

मुकादम वॉचमनकडे वळले. वॉचमन काठीकडे बघत होता. मुकादम परत आजोबांकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दिसतंय ना नीट?"

"न दिसायला काय झालं?" आजोबा म्हणाले. "तुमच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय, ते दिसतंय की."

मुकादमांचं वरचं बटण वर्षानुवर्षं तुटलेलंच असे. ते बाजारातल्या आंधळ्यालाही माहीत होतं.

पण मुकादमांनी मान खाली घालून बघितलं आणि त्यांच्याबरोबर सगळ्यांनी बघितलं. बटण जागेवर होतं. नवं कोरं, पांढरं, दोऱ्याने घट्ट शिवलेलं.

ठकूला मावशींचा चेहरा दिसत होता. मावशींनी एकदा त्या बटणाकडे बघितलं, एकदा आजोबांकडे, आणि तोंडावर पदर धरला. पदराआड त्यांनी काय केलं कुणास ठाऊक, पण पदर काढला तेव्हा त्या हसत होत्या.

"फसवलंत की मुकादमांना!" त्या म्हणाल्या. "कालच माझ्याकडून नेलं हो बटण. बाबांना सगळं कळतं."

"सकाळी माझ्या पुतळ्याची फिरकी घेतली, आता तुमची," शिंपी म्हणाला.

घड्याळवाले हसले. मुकादमही हसले. त्यांना हसायचंच होतं, असं ठकूला वाटलं. कुणाचं वाईट करायचं म्हणून नव्हे. उलट, त्या सगळ्यांना आजोबा आवडत होते. आवडत्या माणसाला एखादी गोष्ट विचारायची भीती वाटली की माणसं हसतात. ठकूला हे शब्दांत सांगता आलं नसतं, पण सकाळपासून हे हसू ती दुसऱ्यांदा ऐकत होती, आणि पहिल्या हसण्यापाठोपाठ आजोबा वर गेले होते.

"बरं, तुटलेल्या काचेचं मी बघतो," मुकादम म्हणाले. "उरलेली अर्धी ओळ तेवढी उरकून टाका बाबा. उद्या मोठे साहेब बघायला यायचेत."

"उरकतो. त्यात काय!" आजोबा म्हणाले.

वॉचमन जागचा हलला नाही. "बाबा, उद्या करू का? मला जरा..."

"तू काठी धर रे. मी आहे ना."

आजोबांनी बादली उचलली. ते वळले, आणि शिडी जिथे असायला हवी तिथे हात पुढे केला. शिडी थोडी डावीकडे होती. हात तिला शोधत हवेत फिरला.

ठकू सगळ्यांच्या मधून पुढे गेली आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर बसली.

आजोबांच्या हाताला शिडी लागली. त्यांनी पाय उचलला, तो ठकूच्या गुडघ्याला लागला.

"ठकू? बाजूला हो ग."

ती झाली नाही.

"पोरी, लोक बघताहेत."

लोक बघत होते. घड्याळवाल्यांचं हसू अर्ध्यावर राहिलं होतं. मुकादमांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मावशींनी त्यांच्या दंडाला धरलं.

"अर्धी ओळच उरलीय," आजोबा अगदी हळू, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले. "एवढीच करतो. मग नाही."

ठकूने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे तिच्या कानाच्या जरा बाजूला कुठेतरी बघत होते. तिने कुणाला काही सांगितलं नाही. ती रडलीही नाही. शिडीच्या दोन्ही दांड्यांमागून हात घालून तिने बोटांत बोटं गुंतवली, पाय पोटाशी घेतले, आणि तिथेच बसून राहिली.